उशिरा पडणारी टाळी

ही घटना खरी आहे.

मी टीव्हीच्या धंद्यात आहे. खोटं कसं बनवतात ते मला पक्कं माहीत आहे, म्हणूनच सांगतो, हे बनवलेलं नाही.

रात्र होती ३१ डिसेंबरची. साल १९९३. जागा, स्कॉटलंडातलं डंडी शहर, टे नदीच्या काठची एक जुनी तागाची गिरणी.

फक्त तारीख नोव्हेंबरची होती. आणि दुपारचं जेवण नुकतंच आटोपलं होतं.

थांबा, सांगतो.

वर्षाच्या शेवटच्या रात्रीला आमच्याकडे हॉगमनी म्हणतात. त्या रात्री अख्खा मुलूख टीव्हीसमोर बसतो आणि टीव्हीतल्या लोकांना मजा करताना बघतो. गाणी, अ‍ॅकॉर्डियन, किल्ट घातलेले जाडजूड बाप्ये, बाराचे टोल. आता ३१ तारखेला कुठला वादक शुद्धीवर असणार? म्हणून हा सगळा आनंद महिनाभर आधीच रेकॉर्ड करून ठेवायचा. गिरणीचा स्टुडिओ केला होता, तिथे भरदुपारी मध्यरात्र व्हायची. खिडकीबाहेरचा बर्फ साबणाचा. बाटलीतली व्हिस्की म्हणजे गार चहा. टोल टेपवरचे.

त्या सेटवर एकच वस्तू खरी असायची. कोळसा.

बारा वाजून गेल्यावर उंबऱ्यात पहिलं पाऊल कोणाचं पडतं, त्यावर घराचं सगळं वर्ष ठरतं. तो पहिला पाहुणा उंच हवा, काळ्या केसांचा हवा आणि त्याच्या हातात चुलीसाठी कोळसा हवा. आमच्या चॅनेलवर हा पाहुणा वर्षानुवर्षं एकच होता. माझे आजोबा, ड्युगल्ड गेडिस. स्टुडिओचे सुतार. सेटवरचं दार त्यांनीच बनवलेलं, आणि त्यातून आत यायचे तेही तेच. केस पिकल्यावर बुटाचं काळं पॉलिश चोपडून यायचे. दिव्यांच्या उष्णतेने ते कानामागून ओघळायचं.

दार ठोठावण्याआधी ते न चुकता एक काम करायचे. स्टुडिओच्या मागे, नदीच्या अंगाला, माल उतरवायचं मोठं लोखंडी दार होतं. टोल पडण्याआधी जाऊन ते उघडायचे. जुनं वर्ष मागच्या दाराने घालवल्याशिवाय नवं पुढच्या दाराने घेऊ नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. थंडी आत यायची, सीगल पक्ष्यांचा कलकलाट आत यायचा, आवाज रेकॉर्ड करणारा नॉर्वल आजोबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पण दार उघडलं जायचं.

त्या वर्षी… उघडलं नाही.

हे सगळं घडलं ते माझ्या आत्याच्या डोळ्यांदेखत. इशबेल आत्या. पुढे मी तिला नुसतं इशबेल म्हणणार आहे. ती आता रागवायला नाही.

इशबेल त्या स्टुडिओची फ्लोअर मॅनेजर होती. म्हणजे दिग्दर्शक वरच्या काचेच्या खोलीत बसून हेडफोनमधून हुकूम सोडणार, आणि खाली ते तिने घडवून आणायचं. हो म्हणायला तिच्याकडे माइक होता. नाही म्हणायची सोय नव्हती.

दिग्दर्शक नवा होता. जूलियन. लंडनहून आलेला. त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मागचं दार बंद राहील, दिवाणखान्याच्या दृश्यात सीगल ओरडलेले त्याला चालणार नाहीत.

इशबेलने त्याला रीत समजावली. जूलियनने ऐकून घेतलं, मान हलवली, आणि तिलाच कुलूप लावायला सांगितलं.

एरवी आजोबांनी हसून सोडून दिलं असतं. पण त्या वर्षीच्या मार्चमध्ये आजी गेली होती. एफी. तरुणपणी याच गिरणीत मागावर होती. मागांच्या खडखडाटात तिचे कान गेले. या गिरणीतल्या सगळ्याच बायका पुढे ओठ वाचून बोलायच्या. दरवर्षी हॉगमनीच्या रेकॉर्डिंगला ती हिरवा कोट घालून यायची, तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसायची, आणि नवरा दारातून आला की टाळी वाजवायची. लोकांचे हात हलले की मग तिचे हलायचे. त्यामुळे तिची टाळी जराशी उशिरा पडायची.

त्याच हिरव्या कोटात तिला पुरलं.

तेव्हापासून आजोबांचा एकच धोशा होता. हे वर्ष एकदाचं गेलं पाहिजे.

आणि पोरीनेच मागच्या दाराला कुलूप घातलं. आजोबांनी कुलपाकडे पाहिलं, तिच्या कानावरच्या हेडफोनकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेबाला सांग, वर्षाने विचारलं तर मी बंद केलं नव्हतं."

मग नेहमीसारखं सगळं पार पडलं. इशबेलने मोजलं, "पाच… चार… तीन…" शेवटचे दोन आकडे आमच्यात तोंडाने म्हणत नाहीत, नुसते बोटांवर दाखवतात, नाहीतर आवाज रेकॉर्ड होतो. टोल पडले. दारावर तीन ठोके. आजोबा आत आले. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

कडकडाट थांबला.

आणि मग… जराशी उशिरा…

एक टाळी.

नॉर्वलने ती पहिल्यांदा ऐकली ती टेप तपासताना. कोणी गावंढळ प्रेक्षक असेल म्हणून ती कापायला गेला. कापली. पुन्हा ऐकली.

टाळी होतीच.

त्याने इशबेलला बोलावलं. चित्र पुढे सरकवलं. तिसरी रांग. कडेची खुर्ची.

हिरवा कोट.

"ही बाई तिकीट काढून आली होती का?" नॉर्वलने विचारलं. तो आजीला ओळखत होता. तिच्या हातचं खाल्लं होतं त्याने. तरी त्याने हेच विचारलं, कारण दुसरं काही विचारायची त्याची छाती नव्हती.

इशबेलने टेप पुन्हा डब्यात ठेवली. कार्यक्रम ३१ तारखेला जसाच्या तसा दाखवला गेला. घरी आजोबा टीव्हीपुढे बसून होते. पडद्यावर स्वतःला आत येताना त्यांनी पाहिलं. मग तिसरी रांग दिसली.

त्यांनी खुर्ची टीव्हीजवळ ओढली.

मग म्हणाले, "कोट शोभतो तिला."

१९९४ सुरू झालं ते कॅलेंडरात. स्टुडिओत नाही.

फेब्रुवारीत प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम होता. एका शिक्षकाने चुकीचं उत्तर दिलं. सगळे गप्प. आणि मागून… टाळी. शिक्षकाला वाटलं आपण जिंकलो. त्याला समजवायला चहाचे तीन कप लागले.

मग मुलांचा कार्यक्रम. त्याला प्रेक्षक नसायचे. मागच्या खुर्च्या रिकाम्या, दिवे बंद. मध्येच एक चिमुरडी इशबेलचा हात ओढून म्हणाली, त्या आजी काळोखात एकट्याच का बसल्यात?

निवडणुकीच्या आधी नेत्यांची चर्चा झाली. लोकांनी प्रश्न विचारायचे, मंत्र्याने उत्तरं द्यायची. सूत्रसंचालक सँडी लोरिमर. हॉगमनीचा यजमानही तोच. त्याने बोट दाखवलं आणि म्हणाला, "हं, त्या हिरव्या कोटातल्या बाई."

माइक तिच्यापर्यंत नेला. हॉल शांत.

टेपवर काहीच ऐकू येत नाही. नुसती खुर्चीची कुरकुर… आणि शांतता. बराच वेळ.

मंत्र्याने मान डोलावली. प्रश्न अत्यंत महत्त्वाचा आहे म्हणाला. आणि मोठं उत्तर दिलं.

त्या संध्याकाळी आजोबांनी टेप लावून घेतली. आवाज त्यांना नकोच होता. चाळीस वर्षं त्यांनी ते ओठ वाचले होते. इशबेलने विचारलं, आई काय म्हणाली?

"दार कधी उघडणार, असं विचारत होती."

आता तुम्ही म्हणाल, मग उघडायचं. मागचं दार रोजच उघडत होतं हो. सोफे यायचे, सोफे जायचे, एकदा तर घोडा आला. ती जात नव्हती. वर्ष बदलण्याच्या घटकेलाच जुनं बाहेर पडतं. ती घटका स्टुडिओत वर्षातून एकदाच यायची, नोव्हेंबरातल्या एका दुपारी, आणि ती गेली होती.

इशबेलने ठरवलं, येत्या नोव्हेंबरात दार उघडायचं. जूलियन काहीही म्हणो.

पण तोवर वेगळंच होऊन बसलं.

आजोबा रोज स्टुडिओत येऊ लागले. कोणताही कार्यक्रम असो, तिसऱ्या रांगेत, कडेची खुर्ची सोडून तिच्या शेजारी. येताना कॅन्टीनमधून मटणाचे दोन 'पाय' आणायचे, म्हणजे खिमा भरून भाजलेले मैद्याचे गोल पदार्थ असतात ना, तसले. एक खायचे. दुसरा कडेच्या खुर्चीवर ठेवायचे. तो संध्याकाळपर्यंत तसाच असायचा. फक्त गारठून दगड झालेला.

आजोबाही गारठत चालले. त्यांचा डावा हात, खुर्चीकडचा, मनगटापर्यंत निळसर पडला. वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्याला त्या जागेपासून लांब ठेवा, नाहीतर हिवाळा काढायचा नाही.

लांब कसं ठेवणार? बाबाला इतकं खूश इशबेलने गेल्या वर्षभरात पाहिलं नव्हतं.

आणि ऑक्टोबरात नॉर्वल तिला जिन्यात गाठून म्हणाला, "इशबेल, आता एक टाळी नाही. मागून पुष्कळ येतात. सगळ्या उशिरा." तो थांबला. "गिरणीत काम करून मरून गेलेल्या बायका किती असतील गं या शहरात?"

तिला उत्तर माहीत होतं.

नोव्हेंबर आला. पुन्हा भरदुपारची मध्यरात्र. जूलियनने पुन्हा कुलूप सांगितलं. इशबेलने ते लावलं आणि किल्ली खिशात टाकली. प्रेक्षक आत आले. खुर्च्या बर्फासारख्या आहेत अशी कुरकुर झाली. आजोबा सकाळपासूनच आले होते, पण तिला कुठे दिसले नव्हते.

शेवटचं गाणं सुरू झालं. अ‍ॅकॉर्डियनवर सगळे ताल धरून टाळ्या वाजवू लागले.

आणि प्रत्येक टाळीच्या मागून… दुसरी.

जणू त्याच जागेत आणखी एक हॉल भरला होता.

इशबेल मागे धावली. कानात जूलियन ओरडत होता, कुठे निघालीस, जागेवर ये. ती दाराशी पोहोचली.

दाराला पाठ लावून आजोबा उभे होते. काळा कोट, काळे केस, हातात कोळसा. वर्षानुवर्षं हे दार उघडणारा माणूस आज ते अडवून उभा होता.

"बाबा, बाजूला हो."

"बाहेर थंडी बघ काय आहे. तिचे गुडघे दुखतात."

"बाबा, ती गेलीय. गेलेल्या माणसाला कसले गुडघे?"

"ते तू तिला सांग. माझ्याने सांगवत नाही."

गाणं संपत आलं होतं. तिने त्यांचा हात धरला आणि सोडला. कोळशाहून गार होता तो. ती म्हणाली, "बाबा, ती तुला घेऊन जाईल रे. आई गेली. आता तूही गेलास तर मी या खोट्या बर्फात एकटी काय करू?"

आजोबांनी तिच्या खांद्यावरून मागे, काळोखात पाहिलं. कोणाचे तरी ओठ वाचावेत तसं.

मग ते सरकले.

"आई म्हणतेय, पोरीचं काम अडवू नकोस." आणि थोड्या वेळाने, "उघड. फक्त लगेच लावून घेऊ नकोस. तिला चालायला वेळ लागतो."

तिने कुलूप काढलं. लोखंडी दार करकरत सरकलं. नदीवरचा वारा अंगावर आला.

आणि टाळ्या… चालू लागल्या.

हो, चालू लागल्या. मागच्या रांगेतून उठल्या, सेटच्या पाठीमागून आल्या, तिच्या अगदी कानाजवळून गेल्या. टप… टप… टप… उतारावरून खाली, नदीकडे. दिसत काहीच नव्हतं. बाहेरचे सीगल एकदम गप्प झाले.

सगळ्यात शेवटी एकच टाळी उरली. सावकाश. अडखळत.

डांबरगोळ्यांचा वास आला. आईच्या कपाटाचा.

तिच्या गालाला गार काहीतरी लागलं… आणि ते पुढे गेलं.

"इशबेल, मोजायला घे!" कानात जूलियन किंचाळला.

तिने वळून पाहिलं. आजोबा तिथे नव्हते. गेले असतील सेटमागे, वेळेचे पक्के आहेत, असं तिला वाटलं. दार तसंच उघडं ठेवून ती धावत जागेवर आली. पाच… चार… तीन… दोन बोटं. एक बोट.

टोल पडले.

तीन ठोके.

सँडीने दार उघडलं, आणि आजोबा आत आले.

ताठ. एरवी एक पाय ओढत चालायचे, आज ओढत नव्हते. केसांवरून पॉलिश ओघळत नव्हतं, कारण पॉलिश नव्हतंच. केस काळेभोर होते. त्यांनी सँडीच्या हातात कोळसा दिला आणि रीतीप्रमाणे म्हणाले, तुमच्या धुराड्यातून धूर निघत राहो. प्रेक्षकांनी हॉल डोक्यावर घेतला.

"म्हातारा यंदा काय सुंदर करतोय," जूलियन कानात म्हणाला.

इशबेल रडत होती. सुटली, असं तिला वाटलं. आई गेली, बाबा राहिला.

रेकॉर्डिंग संपल्यावर नॉर्वल मागचं दार लावायला गेला.

तो धावत परत आला. त्याने नुसतं बोट दाखवलं.

आजोबा बाहेरच्या उतारावर भिंतीला टेकून बसले होते. डोळे नदीकडे. केस पांढरे, त्यावर पॉलिशचे फराटे. हात रिकामे. बोटांना कोळशाची काजळी.

डॉक्टर म्हणाले, जाऊन बराच वेळ झालाय. जेवणाच्या आधीच गेले असावेत.

जेवणाच्या आधी.

मग दाराशी तिच्याशी बोललं कोण?

आणि टोल पडल्यावर आत आलं… ते कोण?

तो कार्यक्रम ३१ डिसेंबरला दाखवला. आधी आजोबांच्या स्मरणार्थ पाटी, मग तासाभराने आजोबा स्वतः, हसत, कोळसा घेऊन. लोकांना फार भरून आलं. जूलियनला बक्षीस मिळालं. सँडीने तो कोळसा घरी नेला आणि कधी पेटवला नाही. म्हणायचा, हातात घेतला तेव्हा इतका गार होता की पेटेल असं वाटलं नाही.

इशबेलला मात्र एकाच प्रश्नाने आयुष्यभर खाल्लं. बाबा मागच्या दाराने बाहेर गेला, की पुढच्या दाराने आत आला?

उशिरा पडणारी टाळी पुन्हा कधी ऐकू आली नाही. पण पुढच्या नोव्हेंबरात, टोल संपल्यावर, सेटवरच्या दारावर तीन ठोके पडले. पहिल्या पाहुण्याचा प्रवेश त्या वर्षी ठेवलाच नव्हता. दारामागे कोणी उभं नव्हतं.

ती निवृत्त होईपर्यंत दरवर्षी मागचं दार तिनेच उघडलं. आणि पुढच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. आतून. ठोके तिला पाठीत जाणवायचे. उघडलं आणि बाबा आत आला तर त्याला पुन्हा बाहेर घालवायची ताकद आपल्यात नाही, असं म्हणायची.

आता ते काम माझ्याकडे आहे. रेकॉर्डिंगच्या संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"मागचं उघडलंस?"

"उघडलं, आत्या."

"ठोठावलं?"

"हो."

"पुढचं नाही ना उघडलंस?"

"नाही."

मग ती फोन ठेवायची. तिला हायसं वाटायचं की वाईट वाटायचं, ते मला कधी कळलं नाही.

या फेब्रुवारीत ती गेली.

परवा रेकॉर्डिंग आहे. नव्या दिग्दर्शिकेने जुन्या टेप पाहिल्या, आणि तिला पहिला पाहुणा परत हवाय. दार उघडायचंय, ते मी उघडायचंय. नट अजून मिळालेला नाही. मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मान हलवली.

काल रंगीत तालीम झाली. पाहुण्याशिवायच. मी सेटवरच्या दाराशी उभा होतो, हात कडीवर. टेपवरचे टोल सुरू व्हायचे होते. मोजायचं मी. पण मी तोंड उघडायच्या आत हेडफोनमध्ये कोणीतरी मोजायला लागलं. बाईचा आवाज. ओळखीचा, फोनवर यायचा तोच, जरा खरखरीत.

"पाच…"

मी वर काचेच्या खोलीकडे पाहिलं. सगळे चहा पीत होते. कोणाचेच ओठ हलत नव्हते.

"चार…"

"तीन…"

आणि मग शांतता.

दोन आणि एक आमच्यात तोंडाने म्हणत नाहीत.